कर्णिककाका कुलूप ओढून बघतात

कर्णिककाकांना कुलूप दिसलं की ते ओढून बघावंच लागतं. स्वतःच्या घराचं कुलूप आपण सगळेच ओढून बघतो, एकदा. काका तीनदा ओढतात, आणि कोणाचंही ओढतात. रविवारी सकाळी ठाकूरद्वारच्या नाक्यावरून त्यांच्याबरोबर भाजी आणायला जाणं ही शिक्षा असायची. बंद दुकानांच्या रांगेतून चालताना त्यांचा उजवा हात आपोआप शटरच्या कुलपाकडे जायचा. एक, दोन, तीन. मग पुढचं दुकान. एकदा एका सराफाच्या दुकानाबाहेर हा कार्यक्रम चालू असताना तिथला रखवालदार दंडुका घेऊन धावत आला. काकांनी उलट त्यालाच सुनावलं की खालची कडी ढिली आहे, मालकाला सांग. त्याने खरोखरच सांगितलं, मालकाने कडी बदलून घेतली आणि त्या दिवाळीला काकांच्या घरी मिठाईचा पुडा आला. त्यानंतर त्यांना आवरणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं.

"कुलूप लावणं वेगळं, मृणालिनी, आणि कुलूप लागणं वेगळं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की बँकेतली तिजोरी बंद करताना मला ते पाठीमागे उभे असल्याचा भास होतो. मला सगळं जग मृणाल म्हणतं. काका मात्र जन्मदाखल्यावर जे असेल तेच वापरतात.

आमची चाळ म्हणजे श्रीपाद भुवन. तीन मजले, बेचाळीस खोल्या, वर मंगलोरी कौलं. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, शेजारी परेरा आंटी, आणि तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाच्या खोलीत काका. एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी आयुष्य घालवलं, त्यामुळे कुलपाचं वेड तिथून आलं असं काही लोक म्हणायचे. आई म्हणायची, तसं काही नाही, हा माणूस आधीपासूनच असा होता म्हणून त्याला तिथे ठेवला. मालतीकाकू जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. काकांनी स्वयंपाक स्वतःच करायला घेतला, आणि कायस्थाचा माणूस असल्यामुळे त्या स्वयंपाकाचा वास घेऊनच आमच्या मजल्यावर लोकांना भूक लागायची.

चाळीतल्या बेचाळीस खोल्यांच्या डुप्लिकेट किल्ल्या काकांकडे असायच्या. डुप्लिकेट किल्ली घरात ठेवून बाहेर अडकलेल्या माणसाला काय उपयोग? ती शेजाऱ्याकडे ठेवायची, आणि शेजाऱ्यांत जो सर्वांत कमी वेळा घराबाहेर पडतो त्याच्याकडे ठेवायची, असा साधा हिशेब. पण किल्ली मागायला गेलं की ती मिळण्याआधी पाच मिनिटांचं व्याख्यान ऐकावं लागे. चोर कुलूप कधीच फोडत नाही, तो कोयंडा उचकटतो, म्हणून कुलपावर खर्च करण्याआधी कोयंड्याचे स्क्रू बघा, वगैरे. मुलाला शाळेत सोडून आलेल्या आणि दूध उतू जात असलेल्या बाईलासुद्धा त्यांनी हे ऐकवलंय.

आता मांजरीविषयी. ती राखाडी-पांढरी मांजर कोणाची, हे कोणालाच सांगता आलं नसतं. पिल्लू असताना ती कुठूनतरी आली आणि राहिली. परेरा आंटींकडे ती रोझी होती. आमच्याकडे मनी. तळमजल्यावर तिला तिसरंच नाव होतं. सकाळचं दूध एका घरी, संध्याकाळचं मासळीचं डोकं दुसऱ्या घरी, असा तिचा संसार चालायचा. काका तिला "तो उपद्रव" म्हणत. जिन्याखालच्या फळ्यावर त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं, "मांजरास जिन्यात कोणीही खाऊ घालू नये. हुकमावरून." कोणाचा हुकूम, ते विचारायची कोणाची छाती नव्हती.

तर शेवटी श्रीपाद भुवन पाडून तिथे टॉवर उभा करायचं ठरलं. तीन वर्षांसाठी आम्ही सगळे पांगलो. आम्ही परळला, आंटी माहीमला, काका दादरला. ज्या दिवशी बिल्डरला ताबा द्यायचा होता, तो काकांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधून त्यांनी ती पत्र्याच्या डब्यात भरली, मूळच्या आणि डुप्लिकेट, दोन्ही. मग एकटे वरपासून खालपर्यंत फिरले आणि बेचाळीस कुलपं प्रत्येकी तीनदा ओढून बघितली. बिल्डरच्या माणसांना घाई होती, पण काकांपुढे काय चालणार. शेवटी ताब्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करताना त्यांनी सहीच्या वर एक जास्तीची ओळ घातली: इमारत पूर्ण रिकामी असल्याची मी जातीने खात्री केली आहे.

चौथ्या दिवशी, शनिवारी, अकराच्या सुमारास परेरा आंटींचा फोन आला. मला सुट्टी होती. आंटींनी आधी माहीमच्या पाण्याची तक्रार केली, मग वरच्या मजल्यावरच्या माणसांची, आणि मग सहज विचारलं की रोझी नीट खाते ना, नवीन जागेत मांजरं खात नाहीत.

मी म्हटलं, "आमच्याकडे कुठाय? तुम्ही टोपली आणली होती ना तिच्यासाठी?"

आंटींनी मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. जन्मापासून ओळखते त्यांना, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मग एकेक उलगडत गेलं. सामान हलवायच्या दिवशी ती टोपलीत येईना, दिसेना, म्हणून आंटींना वाटलं आमच्या आईने नेली. आम्हाला वाटलं आंटींनी नेली. तळमजल्यावरच्यांना फोन केला, तर त्यांना वाटत होतं आम्हा दोघींपैकी कोणीतरी. चाळीत वाढलेलं मांजर असंच मरतं. सगळ्यांचं असतं म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर राहतो. मला लाज वाटली.

काकांना फोन मीच केला. म्हटलं आता व्याख्यान ऐकावं लागणार. सगळं ऐकून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले, "माझी खोली मी सर्वांत शेवटी लावली. आत वळून बघितलं नाही." आणि फोन ठेवला.

मी टॅक्सीने पोचले तर काका माझ्या आधी आलेले. समोरच्या फूटपाथवर उभे राहून वर बघत होते. शर्टाची बटणं एक घर चुकलेली. त्यांच्या शेजारी केळीवाली आपलं सांगत होती, दोन दिवस वरून रडायचा आवाज येत होता, मी वॉचमनला बोलले पण, आज सकाळपासून मात्र काही नाही. आज सकाळपासून काही नाही, हे तिने दोनदा सांगितलं. एकदा पुरे झालं असतं.

तेवढ्यात आंटी आल्या, हातात टोपली आणि सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन. आल्या आल्या त्यांनी काकांकडे बघितलं आणि विचारलं, "काय हो कर्णिक, पायात चपला दोन तऱ्हेच्या. घराला कुलूप तरी लावलंत का?"

काकांनी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. "लावलं नसेल," ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडायला लागले. आंटींनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. मला त्या क्षणी पहिल्यांदा खरी भीती वाटली.

फाटकावर बिल्डरची जाड साखळी आणि नवंकोरं कुलूप. वॉचमन बिचारा भला माणूस होता. चावी साइट इंजिनियरकडे आहे, तो दोन वाजता माणसं घेऊन येणार, आज छपरापासून काम सुरू, कौलं उतरवायची, त्याच्यामागून मशीन. हे सगळं त्याने अगदी अदबीने सांगितलं. मी इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, मॅडम, इमारत रिकामी असल्याचं तुमच्याच माणसाने लिहून दिलंय. मी सांगितलं की मांजर आहे. तो म्हणाला, लिस्टमध्ये नाही. घड्याळात साडेबारा वाजले होते.

मी फोनवर तावातावाने भांडत होते, आंटी वॉचमनला येशूची शपथ घालत होत्या, आणि काका साखळीपाशी गेले. हात आपोआप कुलपाकडे गेला. एक. दोन. तिसऱ्या ओढीला कुलूप खटकन उघडून त्यांच्या हातात आलं.

"हमने तो लगाया था, बाबूजी," वॉचमन म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

लावणं वेगळं आणि लागणं वेगळं, हे सांगायची अशी संधी काकांना उभ्या आयुष्यात पुन्हा मिळाली नसती. त्यांनी ती सोडून दिली. साखळी बाजूला टाकली आणि ते जिना चढायला लागले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, एरवी प्रत्येक मजल्यावर थांबून पाणी पिणारा, सरळ तिसऱ्या मजल्यावर गेला. मागे मी, माझ्यामागे आंटी, आणि सर्वांत मागे वॉचमन, मेरी नौकरी जाएगी म्हणत, पण येत होता.

टोकाच्या खोलीला काकांचं सात लिव्हरचं पितळी कुलूप. हे तीनदा ओढून उघडणाऱ्यातलं नव्हतं, कारण ते काकांनी स्वतः लावलं होतं. किल्ली बिल्डरच्या डब्यात. मी विचारलं की एखादी जास्तीची ठेवली नाहीत का. आंटींनी लगेच पर्समधून, जपमाळेच्या शेजारून, आपल्या खोलीची किल्ली काढून दाखवली. मी तर ठेवली बाबा, आठवण म्हणून. मग मीही कबूल केलं की आमची एक आईच्या कपाटात आहे. म्हणजे अख्ख्या श्रीपाद भुवनात नियम पाळणारा एकच माणूस निघाला, आणि तो आता स्वतःच्याच दारासमोर हात चोळत उभा होता.

मी दाराला कान लावला. आत काहीच नाही. आंटींनी हाका मारल्या, रोझी, माय बेबी, रोझी. काहीच नाही.

"पहार आहे का खाली?" काकांनी वॉचमनला विचारलं.

पहारी होत्या. इमारत पाडायचंच सामान तळमजल्यावर येऊन पडलं होतं. वॉचमनने क्षणभर आमच्या तिघांकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि धावत जाऊन एक घेऊन आला. वर म्हणाला की तो मारतो, बाबूजींनी बाजूला व्हावं. काकांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. कुलपाकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. पहारीचं टोक कोयंड्याखाली सरकवलं, पाय भिंतीला लावला आणि सगळं अंग मागे टाकलं. पहिल्यांदा नुसतं कुरकुरलं. दुसऱ्यांदा लाकडाची ढलपी निघाली. आंटी मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागल्या, आणि वॉचमनही न राहवून काकांच्या मागून पहारीला लटकला. तिसऱ्या हिसक्याला कोयंडा स्क्रूंसकट उपटून आला आणि दार उघडलं. कुलूप मात्र कोयंड्यात जसंच्या तसं बंद होतं. चांगलं कुलूप होतं.

खोली रिकामी. भिंतींवर फोटोंचे चौकोन, मोरीपाशी कोरडा नळ. मी मोबाइलची बॅटरी माळ्यावर मारली. एकदम मागे, कौलांखालच्या खाचेत, दोन डोळे चमकले. जिवंत होती. मी एवढी मोठ्याने ओरडले की ती आणखी आत सरकली.

आणि मग येईचना. माळा उंच, शिडी गेलेली. मी खिडकीच्या कट्ट्यावर चढून हात घातला तर ती फिसकारली आणि मागच्या फटीत शिरली. त्या फटीतून पुढे गेली असती तर थेट कौलांवर, आणि दोन वाजता कौलांवर माणसं चढणार होती. चार दिवस कोंडून पडलेली, आज दार फोडल्याचा धडाका, तिचा माणसांवरचा विश्वासच उडाला असणार. मी मनी मनी केलं. आंटींनी रोझी रोझी केलं. बोंबील दाखवून झाले. वॉचमनने त्याच्या गावाकडच्या पद्धतीने जिभेने टकटक आवाज काढून बघितला. डोळे जागचे हलले नाहीत. दीड वाजून गेला होता. रस्त्यावरून ट्रक वळल्याचा आवाज आला की आम्ही चौघंही खिडकीकडे बघायचो.

काका इतका वेळ भिंतीला टेकून धापा टाकत होते. हाताला पहारीने सोललं होतं. ते म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

आंटी म्हणाल्या, "कशाला?"

"थांबा म्हणतो ना."

आम्ही गॅलरीत गेलो. काकांनी दार ओढून घेतलं. आता त्याला ना कडी ना कोयंडा, ते आपोआप थोडं उघडं राहिलं. शिवाय गॅलरीत उघडणारी खिडकी होतीच. सभ्यपणा म्हणून आम्ही तिकडे पाठ केली आणि मग लगेच वळून बघितलं.

काका जिथे त्यांची स्वयंपाकाची जागा होती तिथे, उघड्या लादीवर, मांडी घालून बसले. आंटींच्या बोंबलांचा कागद त्यांनी फाडून दोन केला. एक तुकडा स्वतःसमोर ठेवला, एक समोरच्या बाजूला. एक बोंबील घेऊन त्याचा मधला काटा काढला, त्याचे बारीक तुकडे केले आणि समोरच्या कागदावर नीट मांडले. उरलेला स्वतःच्या कागदावर. मग मान वर न करता, रोजच्या आवाजात, घरात आतल्या माणसाला ऐकू जाईल इतपतच, ते म्हणाले, "चला. पानं घेतली."

काही झालं नाही.

"पानं घेतली हं," ते पुन्हा म्हणाले. "निवतंय सगळं."

माळ्यावर खरवडल्यासारखा आवाज झाला. मग ती कडेला आली, कोळिष्टकांनी माखलेली, अर्धी झालेली. तिथून खिडकीच्या कट्ट्यावर, कट्ट्यावरून खाली. आमच्याकडे तिने बघितलंही नाही. सरळ समोरच्या कागदापाशी जाऊन, पाय पोटाशी घेऊन बसली, आपली जागा असल्यासारखी, आणि खायला लागली. काकांनी वॉचमनच्या बाटलीतलं पाणी तळहातावर घेऊन तिच्यासमोर धरलं.

मला आठवलं की रोज एक ते दोन काकांचं दार बंद असायचं. चाळीत दुपारी दार लावून घेणारा माणूस शिष्टच, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. काका आपले एकटेच काय ते चाखत असतील, असं माझी आई हसून म्हणायची, आणि मीही हसायचे.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कोणाच्या जिवाला घोर नको. काकांच्या दादरच्या घरमालकाने जनावर ठेवणार नाही असं लिहून घेतलं होतं, आणि काका लिहून दिलेलं मोडत नाहीत. ताब्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आंटींना विचारलं होतं म्हणे, त्या उपद्रवाची काय व्यवस्था, आणि आंटी टोपली दाखवून म्हणाल्या होत्या, झाली. तेवढ्यावर ते निमूट निघाले होते. आता ती माहीमला आंटींकडे असते आणि काका रोज बाराला बस पकडतात. आंटींच्या दाराचं कुलूप त्यांनी बदलायला लावलंय, आणि त्यावरून दोघांची भांडणं चालू असतात.

पण त्या दुपारी आम्ही अजून खिडकीत उभे होतो. आंटींच्याने राहवलं नाही. त्या दार ढकलून आत गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कर्णिक, कधीपासून हे?"

काकांनी मांजरीच्या कागदावर आणखी एक तुकडा सरकवला.

"मालती गेली तरी हाक मारायची सवय जाईना," ते म्हणाले. "कोणाला जेवायला हाक मारल्याशिवाय घास उतरायचा नाही. पाच वर्षं रोज एक वाजता रिकाम्या खोलीला हाक मारत होतो, परेराबाई. मग एक दिवस ही आली."

आंटींनी दाराशी चपला काढल्या. पदराने लादी पुसली आणि गुडघ्यांची तक्रार न करता काकांच्या शेजारी खाली बसल्या. मला म्हणाल्या, तू पण बस. वॉचमन दारातच उकिडवा बसला. खाली फाटकाशी ट्रक थांबला, माणसं उतरली, कोणीतरी मोठ्याने वॉचमनला हाक मारली. तो ओ द्यायला उठला नाही. तिचं खाऊन होईपर्यंत आमच्यापैकी कोणीच उठलं नाही.